मांडापासून मांडणीपर्यंत : पेडणे-डिचोलीच्या घरगुती संगीतसंग्रहाचा इतिहास

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि त्याच्या आग्नेयेकडील डिचोली हे दोन तालुके पोर्तुगीज सत्तेखाली उशिरा आले. डिचोलीचा प्रदेश १७८१ मध्ये आणि पेडण्याचा १७८८ मध्ये त्या राज्यात सामील झाला, आणि फोंडा, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या महालांप्रमाणे त्यांची गणना ‘नव्या काबिजादी’त होऊ लागली. जुन्या काबिजादीत सोळाव्या-सतराव्या शतकांत देवळे पाडली गेली आणि उत्सव बंद पडले. नव्या काबिजादीवर ती वेळ आली नाही, कारण तोपर्यंत सत्तेचे धर्मविषयक धोरण पुष्कळ निवळले होते. त्यामुळे येथील देवळे, त्यांच्या जत्रा आणि त्या जत्रांशी जोडलेले गाणे-वाजवणे जागच्या जागी राहिले. या भागातील घराघरांत आज कॅसेटांच्या पेट्या, सीडी, जुने मेमरी कार्ड आणि संगणकातील फोल्डर या रूपांत जो संगीतसंग्रह साचलेला आहे, तो कसा लावावा आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. मात्र त्याची मुळे या दोन तालुक्यांत गाणे कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या नावाने मांडले जात होते, या जुन्या व्यवस्थेपर्यंत जातात.

त्या व्यवस्थेचे स्थान म्हणजे ‘मांड’. धालो, फुगडी, शिगमा यांसारखे विधी जेथे परंपरेने होतात, त्या वाड्यावरील राखीव आणि पवित्र मानलेल्या अंगणाला किंवा मोकळ्या जागेला गोव्यात मांड म्हणतात. पौष महिन्यात स्त्रिया रात्री मांडावर दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून धालो गातात. फाल्गुनात त्याच गावाचे पुरुष ढोल, ताशे, कांसाळे घेऊन शिगम्याचे मेळ काढतात, आणि डिचोली, पेडणे व सत्तरीत कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा बांधून घोडेमोडणी नाचवली जाते. मांडावरचे कोणतेही गाणे सुटे नसते. प्रथम नमन होते, त्यात ग्रामदेवतांची आणि परिवारदेवतांची नावे ठरलेल्या क्रमाने घेतली जातात, आणि मगच पुढची गीते येतात. डिचोलीतील शिरगावची लइराई आणि पेडण्यातील मोरजीची मोरजाई या लोकपरंपरेत सख्ख्या बहिणी मानल्या जातात. नमनात कोणती देवी आधी आणि कोणती नंतर, यावरून जाणकाराला ते गाणे कोणत्या गावचे हे ओळखता येते. म्हणजे गाण्याची ओळख गाण्यातच बांधलेली असते. ती ओळख गायकाच्या नावावर टेकलेली नसते, कारण धालोचे गीत कोणा एकीचे नसून त्या मांडाचे असते.

दशावताराची रचनाही अशीच क्रमाची आहे. पेडणे आणि त्याला लागून असलेले सावंतवाडी-वेंगुर्ले या पट्ट्यात जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळी येतात. आरंभी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर अशी पात्रे येऊन ‘आडदशावतार’ नावाचा पूर्वरंग होतो, मग पुराणातील एखादे आख्यान पहाटेपर्यंत चालते, आणि शेवटी दहीकाल्याने त्याची सांगता होते. पखवाज, पायपेटी आणि झांज यांच्या साथीने पात्रे जी पदे गातात, ती त्या आख्यानातील प्रसंगाबाहेर अर्थहीन होतात असे नाही, पण प्रसंग सांगितल्याशिवाय त्यांची जागा कळत नाही. चतुर्थीतील घुमट आरतीची गोष्ट आणखी निराळी आहे. मातीच्या घटाच्या मुखावर कातडे ताणून केलेले घुमट, लाकडी शामेळ आणि कांसाळे यांच्या ठेक्यावर आरत्या म्हटल्या जातात आणि मध्ये केवळ वादनाची ‘सुंवारी’ रंगते. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यानंतर हळूहळू शेळीचे कातडे रूढ झाले आणि वाद्याचा नादही बदलला. जुन्या कातड्याच्या घुमटाचा नाद आता मुख्यतः जुन्या ध्वनिमुद्रणांतच ऐकायला मिळतो, म्हणून घरात पडलेल्या एखाद्या जीर्ण कॅसेटचे मोल तिच्या मालकाला वाटते त्याहून अधिक असू शकते.

ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी या संगीताचा एकच लिखित संग्रह घरांत असे, तो म्हणजे भजनाची वही. भजनी मंडळातील एखादा जाणता गृहस्थ देवनागरीत, पुष्कळदा मोडी वळणाची छाप असलेल्या अक्षरात, अभंग, गौळणी आणि आरत्या उतरवून ठेवी. वहीची मांडणी भजनाच्या क्रमानुसार असे: नामघोष, अभंग, गौळण, शेवटी भैरवी, कडेला चालीची खूण म्हणून एखाद्या प्रसिद्ध नाट्यपदाचे नाव लिहिलेले असे. भजनाच्या चालींवर नाट्यसंगीताचा हा जो ठसा गोव्यात उमटला, त्याला कारण होती गावोगावची उत्सवी नाटके. साखळीजवळील विठ्ठलापूरच्या चैत्रोत्सवासारख्या उत्सवांत हौशी मंडळी संगीत नाटके करीत, आणि मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवरचे पद काही काळाने डिचोलीच्या सप्ताहात अभंगाची चाल म्हणून ऐकू येई. आज कला अकादमीतर्फे मनोहरबुवा शिरगावकर यांच्या स्मरणार्थ भरणारी राज्यस्तरीय भजन स्पर्धा ही त्याच परंपरेची संघटित आवृत्ती होय.

याच मातीतून मोठे कलावंत बाहेर पडले, पण ते आपला आवाज मागे ठेवून गेलेच असे नाही. पेडणे तालुक्यातील मालपे येथे १८८३ मध्ये जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर या भेंडीबाजार घराण्याच्या श्रेष्ठ गायिका होत्या; १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचे सर्वोच्च सदस्यत्व त्यांना मिळाले. मात्र त्यांनी १९२३ च्या सुमारास मैफलीतून निवृत्ती घेतली होती, आणि मायक्रोफोनवर आधारलेली विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत १९२५ पासून रूढ झाली. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे, आणि ख्यालाचे बारकावे त्या पद्धतीत उतरणे अवघड होते. व्हायोलिनवादक आणि संगीतकार श्रीधर पार्सेकर, ज्यांच्या आडनावात पेडण्यातील पार्से गाव नांदते, ते पुढच्या पिढीचे. त्यांच्या काळापर्यंत तबकडी आणि नभोवाणी दोन्ही स्थिरावल्या होत्या.

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गेसबर्ग याने गोहरजान हिचे गाणे मुद्रित केले, आणि तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन परत आल्या. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव मोठ्याने सांगते. त्याचे कारण असे दिले जाते की हॅनोव्हरच्या कारखान्यातील माणसांना भारतीय भाषा कळत नसे आणि लेबलवर कोणाचे नाव छापायचे हे त्यांना ऐकून ठरवावे लागे. ध्वनिमुद्रणाविषयीची माहिती ध्वनीबरोबरच साठवण्याची ही एक जुनी युक्ती होती, आणि मांडावरच्या नमनाशी तिचे नाते ध्यानात घेण्याजोगे आहे. फरक एवढाच की नमन गावाचे नाव सांगते आणि तबकडी गायकाचे.

गावात वीज नसतानाही तबकडी वाजत असे, कारण फोनो चावी देऊन फिरणाऱ्या कमानीवर चाले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे, म्हणून तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत आवरावा लागे. तरीही त्या काळच्या अनेक शास्त्रीय तबकड्यांच्या लेबलवर गायकाच्या नावाबरोबर रागाचेही नाव छापलेले असे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण डिजिटल युगात प्रवेश करताना नेमके तेच नाव गळून पडले. ‘आल्बम’ हा शब्दही याच काळातला आहे: सुट्या तबकड्या ठेवण्यासाठी छायाचित्रांच्या वहीसारखी कागदी खिशांची जी बांधीव वही मिळे, तिला आल्बम म्हणत. पुढे १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आल्यावर एका तबकडीवरच्या गाण्यांच्या समूहाला तेच नाव चिकटले, आणि तेथून ते संगणकाच्या पडद्यापर्यंत आले. म्हणजे आज कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा ‘कलाकार, आल्बम, गाणे’ हा उतरता क्रम तबकडी विकणाऱ्या व्यापाराने घालून दिलेला आहे.

पोर्तुगीज गोव्यात मुंबईहून तबकड्या येणे शेवटच्या वर्षांत कठीण झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला, सीमा बंद झाली आणि भारताची आर्थिक नाकेबंदी कडक झाली. हवेतून येणारा आवाज मात्र अडला नाही. १९४६ मध्ये सुरू झालेली ‘एमिसोरा द गोवा’ ही सरकारी नभोवाणी होतीच. शिवाय आंबोलीच्या परिसरातून सुरू झालेले, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात गुप्तपणे चालवलेले मुक्तिलढ्याचे प्रक्षेपण सीमेपलीकडून ऐकू येत असे. मुक्तीनंतर पणजीची आकाशवाणी सुरू झाली आणि स्थानिक भजन, नाट्यगीत, लोकगीत यांना नियमित स्थान मिळाले. पण नभोवाणी ऐकायची असते, साठवायची नसते; घरात साठवण सुरू झाली ती कॅसेटने.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॉम्पॅक्ट कॅसेट भारतात १९८० च्या दशकात घरोघरी पोचली. तिने पहिल्यांदाच गावाला आपला आवाज आपणच टिपण्याची सोय दिली, आणि पेडणे-डिचोलीच्या दृष्टीने ही घटना तबकडीहून कितीतरी मोठी आहे. सप्ताहातले भजन, जत्रेतला दशावतार, चैत्रोत्सवातले नाटक, आजीच्या आवाजातला धालो यांतले काहीही कोणत्याही कंपनीने काढले नसते. ते ध्वनिक्षेपकासमोर ठेवलेल्या साध्या टेपरेकॉर्डरने टिपले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, म्हणून रात्रभराच्या आख्यानाला पाच-सहा कॅसेटा लागत, आणि बाजू उलटताना मधले एखादे पद निसटे. कॅसेटच्या कागदी वेष्टनावर बॉलपेनने गावाचे नाव, प्रसंग आणि क्वचित वर्ष लिहिलेले असे. ही दोन-तीन शब्दांची नोंद त्या ध्वनीची संपूर्ण कुंडली होती, आणि कित्येकदा वेष्टन बदलल्याने किंवा वरून दुसरे काही मुद्रित केल्याने तीही हरवली. कोकणपट्टीच्या दमट हवेत फितीला बुरशी येते, चुंबकीय थर सुटतो. दर पावसाळ्यागणिक या कॅसेटांचे आयुष्य घटत चालले आहे.

कॅसेटमधील ध्वनी संगणकात उतरवणे हे काम त्यामानाने सोपे आहे. सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट या प्रमाणात, दोन वाहिन्यांचा एक तासाचा ध्वनी सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो. २००१ मध्ये प्रथम आवृत्ती निघालेल्या ‘फ्लॅक’ या पद्धतीत तोच ध्वनी कोणतीही हानी न होता साधारण निम्म्या जागेत बसतो. कठीण भाग त्यानंतरचा आहे, आणि तेथेच तबकडीच्या व्यापाराची छाया संग्रहावर पडते.

एमपीथ्री हे नाव १९९५ मध्ये पक्के झाले. त्या फायलीत गाण्याविषयी काहीही लिहिण्याची सोय मुळात नव्हती. ती १९९६ मध्ये एरिक केंप याने ‘आयडीथ्री’ नावाची पुरवणी सुचवून केली. फायलीच्या शेवटी १२८ बाइटांचा तुकडा जोडायचा, त्यात ‘टॅग’ या खुणेसाठी ३, शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, आल्बमला ३०, वर्षाला ४, टिप्पणीला ३० आणि प्रकारासाठी एक बाइट अशी वाटणी होती. बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे एक माप. रोमन लिपीतील एक अक्षर एका बाइटात बसते, तर आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला आणि काना-वेलांटीला तीन बाइट लागतात. या हिशेबाने ‘केसरबाई केरकर’ हे नाव ३७ बाइटांचे आणि ‘मोगूबाई कुर्डीकर’ हे ४६ बाइटांचे होते. गोव्याने हिंदुस्थानी संगीताला दिलेल्या दोन थोर गायिकांची नावे त्यांच्या स्वतःच्या लिपीत त्या ३० बाइटांच्या चौकटीत मावली नसती. प्रकाराच्या एका बाइटासाठी ८० नावांची यादी ठरवली गेली, तिच्यात पोल्का आणि कॅबरे यांना स्थान मिळाले, पण राग, नाट्यसंगीत, भजन यांपैकी काहीही नव्हते. यात दुष्टावा नव्हता. यादी करणाऱ्याला आपल्या भोवतीचे संगीत ठाऊक होते एवढेच. पण अशा याद्या एकदा रूढ झाल्या की जगभरचे संग्रह त्यांच्या साच्यात ओतले जातात, आणि पेडण्यातील एखाद्या घरातला दशावतार ‘इतर’ किंवा ‘एथ्निक’ या खणात जाऊन पडतो.

पुढच्या आवृत्त्यांनी युनिकोडची सोय केली आणि लांबीची मर्यादा काढली. तरी मधल्या काळात मराठी मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेल्या पद्धतींनी टंकित होत असल्यामुळे, त्या वेळी देवनागरीत भरलेली कितीतरी शीर्षके आज निरर्थक चिन्हांची रांग बनून दिसतात. बहुतेक लोकांनी म्हणूनच रोमन लिपी पत्करली, आणि तिच्याबरोबर वर्णलेखनाचा गोंधळ ओढवून घेतला. गोव्यात हा गोंधळ दुप्पट आहे, कारण येथे इंग्रजी वळणाबरोबर पोर्तुगीज वळणही चालते. पेडणे, डिचोली आणि साखळी या तिन्ही नावांची रोमनमध्ये मराठी उच्चाराशी फारशी न जुळणारी सरकारी रूपे आहेत, आणि आडनावांतील ‘क’ कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दुसऱ्या. सॉफ्टवेअर अक्षरांपलीकडे पाहत नाही. एकाच गायिकेची तीन लेखने झाली की त्याच्या दृष्टीने त्या तीन गायिका होतात.

गावाच्या नावाचेही तसेच. केसरबाईंचे केरी फोंडा तालुक्यातले. तेरेखोल नदीच्या मुखाशी पेडण्यातही एक केरी आहे आणि अंजुणे धरणाजवळ सत्तरीतही एक. एखाद्या कॅसेटवर नुसते ‘केरी, शिगमा’ एवढेच लिहिलेले असेल तर तालुका कळायला नमन ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. गायिकेचे नावही असेच हरवू शकते: केसरबाईंच्या भैरवीचे एक ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीवर बसून अंतराळात गेले. पण सर्वसाधारण सॉफ्टवेअरच्या रचनेत ते मुद्रण अनेक कलाकारांच्या संकलनात मोडते आणि ‘विविध कलाकार’ या शीर्षकाखाली जाते.

माहिती हाताने भरण्याचे कष्ट टाळण्यासाठी सामायिक कोश निघाले. सीडी ओळखून तिच्यावरील गाण्यांची नावे पुरवणारा ‘सीडीडीबी’ हा कोश लोकांनी आपापल्या सीडींची माहिती फुकट टंकून उभा केला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो व्यापारी मालकीत गेला आणि त्याचा वापर अटींनी बांधला गेला. त्याची प्रतिक्रिया म्हणून रॉबर्ट केय याने ‘म्युझिकब्रेंझ’ हा खुला कोश सुरू केला. त्यात प्रत्येक कलाकाराला एक कायम क्रमांक असतो आणि त्याखाली सर्व लिपींतील नावे उपनावे म्हणून नोंदवता येतात. वर सांगितलेल्या लेखनगोंधळावर हा उत्तम उपाय आहे. त्याच्या ‘पिकार्ड’ या साधनाने ध्वनीचा ठसा घेऊन गाणे आपोआप ओळखता येते, परंतु ठसा जुळण्यासाठी ते मुद्रण कोणीतरी आधी नोंदवलेले असावे लागते. बाजारात आलेल्या तबकडीला आणि सीडीला हे लागू पडते. मये किंवा नार्वे येथील सप्ताहाच्या कॅसेटला लागू पडत नाही. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने, विशेषतः सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी, सूचींचे जे काम केले ते अधिक भरवशाचे आहे.

घरचा संग्रह घरच्याच संगणकावर ठेवून तो वायफायवरून किंवा इंटरनेटवरून दुसऱ्या खोलीतल्या अथवा दुसऱ्या गावातल्या फोनवर वाजवणे, याला स्ट्रीमिंग म्हणतात, आणि हे काम करणाऱ्या कार्यक्रमाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर फोल्डरमधील फायली वाचतो, त्यांतील टॅग, म्हणजे फायलीत लिहिलेली माहिती, गोळा करून सूची बनवतो आणि मागणीनुसार ध्वनी पाठवतो. जोडणी मंद असेल तर तो ध्वनी चालता चालता ‘ओपस’सारख्या लहान रूपात बदलूनही देतो. या साधनांचा इतिहास फार जुना नाही. स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१ मध्ये आपल्या छोट्या वादनयंत्राबरोबर जो सर्व्हर दिला, तो मुक्त स्रोताचा, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणारा होता. कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली, २०१२ मध्ये यंत्रांचे उत्पादन थांबले, पण सर्व्हर मुक्त असल्यामुळे तो स्वयंसेवकांच्या हाती टिकला आणि २०२४ पासून ‘लिरियन’ या नावाने चालू आहे. नॉर्वेच्या सिंद्रे मेहुस याचा ‘सबसॉनिक’ प्रथम मुक्त होता, पुढे त्याचा स्रोत बंद झाला. परंतु त्याने घालून दिलेली फोन आणि सर्व्हर यांच्यातील संवादाची पद्धत इतर अनेकांनी उचलली, आणि ‘नॅव्हिड्रोम’ हा आजचा हलका व लोकप्रिय सर्व्हर तीच बोली बोलतो. चित्रपट आणि संगीत दोन्ही सांभाळणारा ‘जेलीफिन’ २०१८ च्या अखेरीस अशाच एका स्रोत बंद झालेल्या प्रकल्पातून फुटून निघाला. उलट बाजूला गूगलच्या संगीतसेवेचे उदाहरण आहे: तिच्यावर लोकांनी आपली हजारो गाणी चढवली होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद झाली. संग्रह ज्याच्या घरात त्याच्याच ताब्यात असावा, या मतास हा पुरेसा आधार आहे.

निवडीचा निकष मात्र यंत्राच्या वेगाचा किंवा पडद्याच्या देखणेपणाचा नसून माहिती कोठे राहते याचा आहे. ‘रून’ हे महागडे आणि गुणी साधन पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी रचना, रचनाकार, वादक यांची वेगळी मांडणी देते, पण त्यात केलेल्या दुरुस्त्या त्याच्या स्वतःच्या कोशात राहतात, फायलीत उतरत नाहीत. प्लेक्स आणि जेलीफिन या सर्व्हरांतही पुष्कळशी माहिती सर्व्हरच्या पोटात साठते. सर्व्हर बदलला की ती मागे राहते, जशी कॅसेट वेष्टनाबाहेर काढली की वेष्टनावरची नोंद मागे राहत असे. फ्लॅक फायलीतील टॅगची पद्धत या बाबतीत उदार आहे: ती यूटीएफ-८ मध्ये असल्याने देवनागरी पूर्ण उमटते, रकान्याचे नाव रोमन लिपीत आपणच ठरवू शकतो, आणि एकाच रकान्यात अनेक मूल्ये देता येतात. राग, ताल, नाटक, प्रसंग, मांड, गाव, तालुका, घुमटाचे कातडे असे रकाने त्यात उघडता येतात. एमपीथ्रीटॅग, किड-थ्री यांसारख्या संपादकांतून हे रकाने भरता येतात. विंडोजवरील ‘फूबार २०००’ ते थेट स्तंभ म्हणून दाखवतो. नॅव्हिड्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत स्वतःचे टॅग जोडण्याची सोय आहे, आणि लिरियनच्या नवव्या आवृत्तीने ‘रचना’ हा वेगळा थर मानला आहे.

रचना आणि सादरीकरण वेगळे मानणे नाट्यसंगीतासाठी अत्यावश्यक आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्यातील धैर्यधराची भूमिका पुढे मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी गाजवली आणि नंतरच्या कित्येक पिढ्यांनी तीच पदे गायली, डिचोलीच्या उत्सवी मंडळींनीही गायली. या सर्व ध्वनिमुद्रणांना ‘आल्बम’ या रकान्यात नाटकाचे नाव दिले, तर सॉफ्टवेअर सत्तर वर्षांच्या अंतराने झालेली मुद्रणे एकाच मुखपृष्ठाखाली कोंबते; न दिले, तर एकाच पदाची रूपे विखुरतात. नाटकाचे नाव ‘नाटक’ या स्वतंत्र रकान्यात, कवी आणि चालकार आपापल्या रकान्यांत, आणि आल्बमच्या जागी ते मुद्रण ज्या प्रसंगी झाले त्या प्रसंगाचे नाव, ही मांडणी या संगीताला सर्वांत जवळची आहे. दशावताराच्या एका रात्रीला एक आल्बम मानावे, कॅसेटच्या बाजूंना क्रमांक द्यावेत आणि शीर्षकात पात्र व प्रसंग लिहावा. सलग वादनाची सोय असलेले सॉफ्टवेअर घेतल्यास दोन फायलींमधली फट कानाला खुपत नाही.

एकूण पाहता या दोन तालुक्यांतील घरासाठी मूळ प्रती फ्लॅकमध्ये, माहिती फायलीच्या आतच देवनागरीत, फोल्डरची नावे तालुका-गाव-प्रसंग या क्रमाने आणि सर्व्हर म्हणून नॅव्हिड्रोम, किंवा अनेक खोल्यांत यंत्रे लावायची असतील तर लिरियन, ही निवड सर्वांत टिकाऊ ठरते. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक त्यासाठी पुरतो. पावसाळ्यात वीज वारंवार जाते म्हणून सूचीची आणि फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवावी. बाजारातील मुद्रणे घरगुती वापरापुरतीच ठेवावीत. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि शब्द व चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात. मांडावरच्या मुद्रणांना कंपनी नाही, पण ज्यांचा तो मांड आहे त्यांना विचारल्याशिवाय ती घराबाहेर प्रसृत करू नयेत, विशेषतः जी गीते विधीच्या रात्रीच गायची असतात ती.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटा आहेत त्यांनी सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी निवडले तरी चालेल. कॅसेटा मात्र या पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्याव्यात, आणि घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्या ऐकवून आवाज कोणाचा, गाव कोणते, तालुका कोणता, वर्ष कोणते हे त्यांच्या तोंडून ऐकून फायलीत लिहून ठेवावे.